नळीची बैठक

रायफलची नळी आणि तिच्याखालचा काळ्या प्लास्टिकचा दस्ता यांच्यामध्ये बारीक फट होती. बोल्ट काढून बाजूला ठेवलेला, रायफल रिकामी. त्या फटीत माझ्या पाकिटातली दहा रुपयांची नोट आडवी घातली. तिची दोन टोकं नळीच्या दोन्ही अंगांनी वर आली. ती टोकं धरून शेजाऱ्यांनी नोट पुढून मागे सरकवत नेली. सुळकन गेली, पार मागे, नळी जिथे पोलादी सांगाड्यात घुसते तिथपर्यंत. भाचा म्हणाला, "बघा मामा, कुठेच टेकत नाही. फट आहे की." शेजारी काही बोलले नाहीत. त्यांनी नोट पुन्हा पुढे आणली, रायफलच्या पुढच्या टोकाला लावलेले बायपॉडचे दोन पाय बाकावर टेकवले आणि खांद्याने रायफल जराशी पुढे रेटली. गोळी झाडताना कुणीही रेटतो, तेवढीच. "आता ओढा," ते मला म्हणाले. मी ओढली. नोट हलेना.

हे घडलं विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसन शहराच्या पश्चिमेला असलेल्या एका खेड्यात, गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये. भाचा तिकडे नोकरीला आहे. दोन वर्षांपासून तो हरणाच्या शिकारीला जायचं म्हणतो. रीतसर शिकारी-शिक्षणाचा वर्ग केला, परवाना काढला, नारिंगी जाकीट घेतलं आणि दुर्बिणीसकट मिळते तशी एक साधी, स्वस्तातली रायफल घेतली. सरावाच्या मैदानावर मात्र ती त्याला दाद देईना. शंभर यार्डांवरच्या कागदावर दोन गोळ्या जवळजवळ बसायच्या आणि तिसरी चार बोटं वर. वाळूच्या पिशवीवर टेकवून झाडली तर सगळा गट एका जागी, बायपॉडवरून झाडली तर दुसऱ्याच जागी. आधी त्याने स्वतःला दोष दिला, मग काडतुसांना, मग दुर्बिणीला. दुर्बिणीचे स्क्रू तीन वेळा आवळून झाले. शेवटी शेजारच्या काकांकडे रायफल घेऊन गेला. त्यांचं आयुष्य मिल्वॉकीच्या कारखान्यांत, टूलरूममध्ये गेलेलं. मी दिवाळीआधी तिकडे पोहोचलो होतो, म्हणून हे सगळं पाहायला मिळालं.

मी शिकारी नाही आणि या वयात होणारही नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली, आणि ती संपली याचं मला बरंच वाटतं. पण विस्कॉन्सिनमधली गोष्ट वेगळी आहे. तिथे पांढऱ्या शेपटीची हरणं उदंड आहेत. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि गावंच्या गावं रानात उतरतात. १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारी-शिक्षण घेतल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याप्रमाणे रायफली आणि काडतुसं यांच्यावर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. याच राज्याच्या विद्यापीठात वन्यजीव-संवर्धनाचे अभ्यासक आल्डो लिओपोल्ड शिकवत होते, बाराबू गावाजवळच्या आपल्या उजाड शेतावर झाडं लावत होते, आणि ते स्वतः शिकारीही होते. रान राखणं आणि रानात बंदूक घेऊन जाणं या दोन्ही गोष्टी तिथे एकाच माणसाच्या अंगी असू शकतात. हे समजून घ्यायला मला वेळ लागला. भाच्याने ते एका वाक्यात सांगितलं: "मामा, मारायचं तर एका गोळीत. जखमी होऊन पळालं ना, तर मला झोप लागायची नाही."

हरणाच्या पुढच्या पायामागे फुप्फुसं आणि हृदय असतात. तो भाग जेवणाच्या ताटलीएवढा धरतात. शंभर यार्डांवरून ताटली हुकण्याचं कारण नाही असं वाटतं. पण रायफल स्वतःच चार बोटं इकडेतिकडे टाकत असेल, त्यात थंडीने कुडकुडणारी बोटं, उसळणारं काळीज आणि पाऊल पुढे टाकणारं जनावर हे सगळं मिळवलं, की ती ताटली लहान होत जाते. नेमबाजीचा प्रश्न इथे कौशल्याचा राहत नाही. तो त्या जनावराच्या यातनेचा होतो. म्हणून पुढचं सगळं मी मन लावून पाहिलं.

बंदूक म्हटली की आपण नळीकडे पाहतो. कौतुक नळीचं, दुर्बिणीचं, फार तर चापाचं. दस्ता म्हणजे धरायची मूठ, खांद्याला टेकवायचं लाकूड. एनसीसीमध्ये कोल्हापुरात आम्ही पॉइंट टू-टूची रायफल चालवायचो तेव्हा उस्ताद ओरडायचे ते श्वासावरून आणि चाप हिसडण्यावरून. 'ग्रुपिंग' हा शब्द मी तिथेच पहिल्यांदा ऐकला. पाच गोळ्या कुठे लागल्या हे नंतर, आधी त्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या ते बघायचं. गट एकत्र असेल तर दुर्बीण फिरवून तो मधोमध आणता येतो. गटच फाटला असेल तर कुठली कळ फिरवणार? तेव्हा मला वाटायचं, गट माणसाचा असतो. तो रायफलचाही असतो, आणि त्यातला मोठा वाटा दस्त्याचा असतो, हे कळायला पन्नास वर्षं गेली.

चाप दाबल्यावर पॉइंट थ्री-झीरो-एटसारख्या काडतुसात दर चौरस इंचाला सुमारे ६०,००० पौंड दाब तयार होतो. गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा हजारावा भाग, फार तर त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात नळी थरथरते, लवते, तिचं तोंड एका ठरावीक वाटेने वरखाली जातं. हे थरथरणं थांबवता येत नाही. थांबवायची गरजही नसते. ते दरवेळी सारखं व्हावं, एवढंच पुरतं. गोळी तोंडातून सुटते त्या क्षणी नळी दरवेळी त्याच ठिकाणी असली, की गोळी त्याच भोकात जाते.

मिरजेला तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानात मी लहानपणी वडिलांबरोबर बसलेला आहे. कारागीर घोडीचा माथा कानस लावून घासायचा, तार छेडायचा, पुन्हा घासायचा. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, केसभर मागे, केसभर पुढे, आणि एका जागी तार अशी बोलू लागायची की दुकान भरून जायचं. जवारी म्हणजे शेवटी तार कशाला, कुठे आणि किती टेकते याचाच हिशेब. तोच दोरा भलत्या जागी गेला की सूर बसतो. विस्कॉन्सिनच्या त्या गॅरेजमध्ये नोट अडकली तेव्हा मला तो दोरा आठवला. नळीला मध्येच दस्त्याचा स्पर्श होत होता. तो कायम असता तरी चाललं असतं. कित्येक जुन्या रायफलींत दस्त्याच्या टोकाशी मुद्दाम एक उंचवटा ठेवलेला असतो, नळीला खालून ठरावीक दाब देणारा, आणि त्या उत्तम चालतात. इथला स्पर्श लहरी होता. पिशवीवर ठेवली तर नाही, बायपॉडवर रेटली तर आहे. नळी गार असताना कमी, तापल्यावर जास्त.

शेजाऱ्यांनी कागदावर हिशेब करून दाखवला. नळी २२ इंचांची. तिचं तोंड एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, बाजूला गेलं, तरी शंभर यार्डांवर गोळी निदान इंचाच्या सहाव्या भागाने सरकते. सहा थाऊला एक इंच. त्यांच्या तोंडून 'थाऊ' ऐकून मी दचकलोच. माझे वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टर्नर होते. घरी जेवतानाही 'दोन थाऊ जास्त गेलं' अशीच भाषा. इतक्या लांब, इंग्रजीशिवाय दुसरी भाषा न येणाऱ्या माणसाशी माझी भाषा जुळली ती त्या एका शब्दावर.

दस्ता प्लास्टिकचा का झाला, याची हकीगत लाकडापासून सुरू होते. अक्रोडाचं लाकूड हातात धरायला सुंदर, पण ते हवेतलं पाणी पितं, फुगतं, सुकतं, पिळतं. पावसात एका जागी लागणारी रायफल उन्हात दुसरीकडे लागते. १९६६पासून अमेरिकी मरीन दलाने व्हिएतनामच्या दमट रानात नेलेल्या एम-फोर्टी रायफलींचे दस्ते लाकडी होते, आणि त्या ओलीने ते वाकत. १९७०च्या दशकात त्याच रायफलीची नवी आवृत्ती आली, एम-फोर्टी-ए-वन. तिला मॅकमिलनचा फायबरग्लासचा दस्ता होता. फायबरग्लासला पावसाशी देणंघेणं नसतं. त्याआधी, १९५९मध्ये, रेमिंग्टनने नायलॉनचा दस्ता असलेली नायलॉन-सिक्स्टी-सिक्स ही छोटी रायफल बाजारात आणलीच होती. रेमिंग्टनची मालकी तेव्हा ड्युपाँटकडे होती, आणि नायलॉन हे ड्युपाँटचंच अपत्य.

पण फायबरग्लासचा दस्ता हाताने थर देऊन, भरीव घडवला जातो, तो महाग. स्वस्त रायफलीचा दस्ता साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून काढतात. प्लास्टिक वाचवायला आणि ते साच्यात सारखं थिजायला पुढचा भाग आतून पोकळ ठेवतात आणि आडव्या-उभ्या पातळ भिंतींची जाळी देतात. पाऊस त्याला काही करत नाही, पण बोटांनी दाबलं तरी तो लवतो. लाकडाचा दोष गेला आणि त्या जागी नवा दोष आला. त्या दिवशी नोट अडकवून ठेवली ती या नव्या दोषाने.

कामाला दोन शनिवार लागले. भाच्याने हात लावायचा आणि शेजाऱ्यांनी सांगायचं, असं ठरलं. अमेरिकेत १९६८च्या कायद्याप्रमाणे बंदूक म्हणजे तिचा पोलादी सांगाडा, रिसीव्हर, ज्यावर क्रमांक कोरलेला असतो. दस्ता हा नुसता सुटा भाग. तो कुणीही विकत घ्यावा, कापावा, घासावा. आपल्याकडे असं करता येत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवानाधारकानेच करायची, आणि हा लेख वाचून कुणी घरातल्या जुन्या रायफलीला पॉलिशपेपर लावू नये. शेजाऱ्यांनी भाच्यालाही एक मर्यादा घालून दिली होती. दस्त्याला काय वाटेल ते कर, चापाच्या यंत्रणेत बोट घालायचं नाही. दस्ता बिघडला तर नेम जाईल, चाप बिघडला तर माणूस जाईल. हे मला फार पटलं.

पहिल्या शनिवारी रायफल दस्त्यापासून सोडवली. पुढच्या टोकाशी प्लास्टिकचे दोन उंचवटे होते, नळीला दाब द्यायला कारखान्याने ठेवलेले. लाकडी दांडक्याला पॉलिशपेपर गुंडाळून भाच्याने ते घासून काढले आणि नळीची पन्हळ दोन्ही बाजूंनी मोकळी केली, नोट दुहेरी घालून जाईल इतकी. इथेच बरेच लोक थांबतात आणि फसतात, शेजारी म्हणाले. फट कितीही मोठी केली तरी लवणारा दस्ता लवणारच, आणि पन्हळ घासून तुम्ही तो आणखी पातळ केलेला असतो. म्हणून मग जाळीकडे वळायचं. आतल्या आडव्या भिंतींना एका रेषेत भोकं पाडून त्यांतून कार्बनच्या दोन नळ्या आरपार घातल्या. या नळ्या म्हणजे धनुष्याच्या शिकारीतले निकामी झालेले बाण, टोक आणि पिसं कापून. त्या गावात असे बाण प्रत्येक गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेले असतात. मग त्या पोकळीत इपॉक्सी ओतायचं.

आता अडचण अशी, की या जातीच्या प्लास्टिकला इपॉक्सी नीट चिकटत नाही. प्लास्टिकच्या फुटक्या बादलीला अराल्डाइट लावून पाहिलेल्या कुणालाही हे माहीत असतं. दोन दिवसांनी ते खपलीसारखं निघून हातात येतं. यावर उपाय चिकटवण्याचा नाही, अडकवण्याचा आहे. आतल्या भिंतींवर भाच्याने बारीक ड्रिलने तिरकी, आंधळी भोकं पाडली, आतला चकचकीतपणा खरवडून काढला. इपॉक्सी त्या भोकांत शिरून थिजलं की त्याचे खिळे होतात आणि ते बाहेर येऊ शकत नाही. दुसरी अडचण उष्णतेची. इपॉक्सी थिजताना तापतं, आणि एकदम जास्त ओतलं तर इतकं तापतं की दस्ताच वाकडा व्हावा. म्हणून अर्धं दुपारी, ते निवाल्यावर अर्धं रात्री. दुसऱ्या दिवशी मी तो पुढचा भाग दोन हातांनी पिळून पाहिला. आदल्या दिवशी तो ओल्या चामड्यासारखा वळत होता. आता बॅटच्या दांड्यासारखा.

दुसऱ्या शनिवारचं काम नाजूक होतं. त्याला तिकडे बेडिंग म्हणतात. उद्यमनगरात कुणी 'बैठक' म्हणेल, आणि तो शब्द मला जास्त नेमका वाटतो. रायफलच्या पोटाखाली एक पोलादी खुंट असतो. गोळी सुटल्यावर मागे येणारा सगळा धक्का तो दस्त्याच्या भिंतीला देतो. तो खुंट खाचेत ढिला असेल तर प्रत्येक बाराबरोबर सांगाडा केसभर सरकतो आणि वेगळ्या जागी बसतो. शिवाय सांगाडा दोन स्क्रूंनी दस्त्याला आवळलेला असतो. खाली प्लास्टिक मऊ असेल तर स्क्रू आवळताना ते चेपतं, आणि प्लास्टिक वेडंवाकडं असेल तर पोलादच वाकतं. ताण पोलादात राहून जातो. एक डायल लावून शेजाऱ्यांनी तो ताण मला दाखवला. दस्त्याच्या टोकाशी डायलची सुई टेकवली आणि मागचा स्क्रू सावकाश सोडला. सुई चौदा थाऊ फिरली. रायफल इतके दिवस वाकवलेल्या पट्टीसारखी आवळून बसलेली होती.

स्क्रूंच्या भोकांत आधी अल्युमिनियमच्या दोन नळकांड्या बसवल्या. आता स्क्रू कितीही आवळला तरी तो धातूवर धातू बसणार, मधलं प्लास्टिक चेपणार नाही. मग खुंटाच्या आसपासचं प्लास्टिक कोरून जागा केली. लोखंडावर मेण चोळलं, एकदा, वाळल्यावर पुन्हा, आणि शेजाऱ्यांनी बोटाने तपासून तिसऱ्यांदा चोळायला लावलं. प्रत्येक भोक, प्रत्येक खाच लहान मुलांच्या खेळातल्या मातीने बुजवली. इपॉक्सी एखाद्या आडव्या भोकात शिरून थिजलं, तर रायफल आणि दस्ता जन्मभर एकमेकांचे होतात. मग करवतच लागते. खुंटाच्या पुढच्या, खालच्या आणि दोन्ही कडेच्या बाजूंना चिकटपट्टी लावली, मागची बाजू तेवढी उघडी ठेवली. का, ते विचारलं. धक्का मागे जातो, तिथे तो भिंतीला पुरता भिडायला हवा. बाकी बाजूंना टेकला तर नुसता अडकून बसेल आणि काढताघालताना दस्त्याची बैठक खरवडेल.

मरीन-टेक्स नावाचं राखाडी इपॉक्सी होतं, बोटी दुरुस्त करायला वापरतात ते. पुरणासारखं घट्ट. भाच्याने ते पसरलं, रायफल वरून हलकेच बसवली आणि स्क्रू आवळण्याऐवजी तिच्याभोवती रबरी नळी गुंडाळली. आवळलं तर पुन्हा तोच ताण इपॉक्सीत थिजणार. तिने आपल्या वजनाने, कुणी जोर न करता, जशी बसायची तशी बसावं. कडेने वर आलेलं इपॉक्सी कापसाच्या काड्यांनी पुसता पुसता संध्याकाळ झाली. चोवीस तास कुणी हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये आम्ही तिघे उभे. भाच्याने दस्त्याला रबरी हातोडीने खालून दोन टोले दिले. काही नाही. तिसऱ्या टोल्याला 'टप्' असा आवाज आला आणि रायफल सुटली. खाली इपॉक्सीमध्ये पोलादाचा ठसा उमटला होता, कानशीच्या बारीक रेघांसकट. वडील सांध्यावर निळा रंग लावून दोन भाग घासायचे आणि रंग सगळीकडे सारखा लागला की काही न बोलता बिडी पेटवायचे. शेजाऱ्यांनी पुन्हा डायल लावली, स्क्रू सोडला. सुई दोन थाऊच्या आत राहिली. त्यांनी चष्मा काढून पुसला. तेही काही बोलले नाहीत.

कोल्हापुरातल्या वाचकांना हे ऐकताना आपली माणसं आठवतील. तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन रायफलमध्ये जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुण घेऊन ऑलिम्पिकचं कांस्य आणलं. त्या खेळात दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, आणि ते पन्नास मीटरवरून, गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून भेदायचं असतं. त्यांच्या रायफली पाहिल्यात तर दस्ता ओळखूच येत नाही. अल्युमिनियमचा सांगाडा, गालाखालची पट्टी वरखाली होणारी, खांद्याचा आकडा, हाताचा अडसर, सगळं स्क्रूंनी मिलिमीटरनं सरकणारं. नळी मोकळी तरंगत असते. शिकारीची रायफल आणि ही रायफल यांचं काम पूर्ण वेगळं, पण दस्त्याकडून मागणं एकच आहे: मी दरवेळी तशीच्या तशी बसले पाहिजे.

या कामाने प्रत्येक रायफल सुधारते असं मात्र नाही. नळीच खराब असेल, तिचं तोंड ठेचलेलं असेल, दुर्बिणीचं माउंट ढिलं असेल, तर दस्त्यावर घातलेले दोन शनिवार वाया जातात. काही बारीक नळ्यांना दस्त्याच्या टोकाचा दाब खरंच मानवतो. तो काढला की त्या बिथरतात. आणि तीन गोळ्यांचा एक सुंदर गट बघून हुरळून जाऊ नये. तीन भोकं योगायोगानेही जवळ येतात. पाच गोळ्या, तेही निरनिराळ्या दिवशी, मग बोलावं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही मैदानावर गेलो. आधी पिशवीवरून पाच, मग बायपॉडवरून पाच. भाचा कागद घेऊन आला तेव्हा त्याला काही सांगावं लागलं नाही. दोन्ही गट एकाच जागी होते. गट काही भोकावर भोक असा नव्हता. दोन बोटांचा होता. पण चार बोटांवरची ती भरकटलेली तिसरी गोळी कुठेच नव्हती.

शेजाऱ्यांनी आणखी एक काम सांगितलं, आणि ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. रानात पाच गोळ्या झाडायला मिळत नाहीत. थंड नळीतून, गारठलेल्या हातांनी, एकच मिळते. म्हणून हंगामाच्या आधी तीन दिवस, रोज सकाळी उजाडताना, एकच गोळी. कागद तोच. दुसरी झाडायची नाही, मन कितीही म्हणालं तरी.

पहिल्या सकाळी दंव पडलं होतं. दुसऱ्या सकाळी पाऊस, बारीक, आडवा. तिसऱ्या सकाळी पारा शून्याखाली होता आणि भाच्याच्या श्वासाची वाफ दुर्बिणीवर येत होती. तो ती निवळेपर्यंत थांबला, एकदा खांदा सैल करून पुन्हा टेकवला, मग चाप दाबला. आवाज शेतांवरून लांब गेला. आम्ही चालत कागदापर्यंत गेलो. तीन दिवसांची तीन भोकं होती, आणि वरून एक कागदी लिंबू ठेवलं असतं तर तिन्ही झाकली गेली असती. भाच्याने कागद काढला, त्याची चौघडी घातली आणि जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवली. शनिवार दोन दिवसांवर होता.